मॉर्फिन सुरू, त्याच दिवशी पोटाचं औषधही सुरू

मी बंगळुरूत पॅलिएटिव्ह केअरचं काम करते. आजार बरा होणार नसला, तरी माणसाचा त्रास कमी करणं हे आमचं काम. याच शहरातला बंगळुरू हॉस्पिस ट्रस्ट, म्हणजे ‘करुणाश्रय’, १९९४ साली स्थापन झाला आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची विनामूल्य सेवा करतो.

आज बोलायचंय बद्धकोष्ठतेवर. विषय संकोचाचा आहे. घरात “आजोबा, दुखतंय का?” असं सगळे विचारतात, “पोट साफ झालं का?” हे कुणी विचारत नाही. आजोबाही सुनेसमोर बोलत नाहीत. मग कुंथण्याचा त्रास नको म्हणून ते गुपचूप मॉर्फिनची गोळी टाळतात, आणि वेदना परत येतात.

मॉर्फिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुतेकांना काही दिवसांत कमी होते; बद्धकोष्ठता मात्र सहसा आपोआप जात नाही. म्हणून मॉर्फिन सुरू झालं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, “पोटाचं औषध कोणतं?” सेन्ना किंवा बिसाकोडिल आतड्यांना चालना देतं, लॅक्ट्युलोज मल मऊ करतं. ते रोज घ्यायचं, अडल्यावर नव्हे.

इसबगोल आपल्या घराघरांत असतं. पण त्याला भरपूर पाणी लागतं. दोन घोट पाणीही कष्टानं पिणाऱ्या रुग्णाला ते देऊ नका. आतच घट्ट होऊन अडकू शकतं.

“खातच नाहीत, तर होणार कुठून?” असंही ऐकते. खाणं कमी झालं तरी आतड्यात मल तयार होतच असतो.

आणखी एक फसवी गोष्ट. बरेच दिवस शौचाला झालं नाही आणि अचानक पातळ होऊ लागलं, तर लगेच जुलाब थांबवायची गोळी देऊ नका. अडकलेल्या खड्याच्या बाजूनं पाणी झिरपत असू शकतं. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

पोट फुगलंय, उलट्या होतायत, कळा येतायत, वारा सरत नाही, अशा वेळी रेचक देऊ नका, ताबडतोब डॉक्टरांना कळवा.

बाकी उपाय साधे आहेत. जेवणानंतर थोड्या वेळानं कमोडवर बसवा, पायांखाली छोटा पाट द्या, दार लोटून घ्या. कॅलेंडरवर रोज खूण करा. तीन दिवस खूण नसेल, तर फोन करा.

वेदना थांबवणारं औषध माणसानं निर्धास्तपणे घ्यावं, यासाठी हा प्रश्न रोज विचारा.