लय रुग्णाची, साथ यंत्राची

हृदयरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट व तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मिरजेत मनःपूर्वक स्वागत करतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण या गावाच्या भरवशावर येत आले आहेत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा विषय या गावात निघावा, याचा मला विशेष आनंद आहे.

हृदयाचा नेहमीचा सिने एमआरआय एका ठोक्यात उरकत नाही. ईसीजीतील आर लाट धरून यंत्र अनेक ठोक्यांतून माहितीचे तुकडे गोळा करते आणि त्यांतून एकच ठोका जुळवते. सगळे ठोके सारखे असतील तरच हा हिशेब बसतो. एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित लयीत मात्र एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, तर पुढचा हजाराचा. तंत्रज्ञ म्हणतो, "श्वास सोडा, थांबा." धाप लागलेला माणूस कसाबसा श्वास रोखतो, आणि तरीही पडद्यावर डाव्या जवनिकेची भिंत पुसट उमटते. पुन्हा तोच खटाटोप. ज्याला अचूक निदानाची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत धूसर चित्र येते. हे आपण चालवून घेता कामा नये.

यातून सुटण्याच्या वाटा खुल्या झाल्या आहेत. २००५ मध्ये दोन क्ष-किरणनळ्यांच्या सीटी यंत्राने एका चित्राचा वेळ ८३ मिलिसेकंदांवर आणला. २००७ मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी थोड्या माहितीतून पूर्ण एमआरआय चित्र उभे करण्याची रीत मांडली. २०१० मध्ये गॉटिंगेन येथे येन्स फ्राम यांच्या गटाने हृदयाची हालचाल जशी घडते तशीच टिपून दाखवली. त्यासाठी ना ठोके जुळवावे लागले, ना श्वास रोखावा लागला. तंतुवाद्यांच्या या गावात एवढेच म्हणेन, की साथीदाराने गायकाची लय सांभाळायची असते.

माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. नव्या पद्धतींच्या चाचण्यांतून अनियमित ठोक्यांचे रुग्ण वगळू नका. अहवालात तपासणीवेळची लय नोंदवा. इकोत किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्या. रांग मोठी असली तरी घ्या.

व्यवस्थेत काही उणे राहिल्यास हक्काने सांगा.