वन आणि मजुरी



वनांवर बोलायला वनस्पतिशास्त्राचा एखादा अध्यापक बोलवायचा सोडून तुम्ही युनियनच्या माणसाला उभे केलेत, याचे काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा झाडांची शास्त्रीय नावे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. मी एका अशा वनाची हकिकत सांगणार आहे, की जे आधी कागदावर आखले गेले आणि मग फावड्याने उभे राहिले. ते मी पाहिलेले नाही. केवळ वाचले आहे.

हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे १,००० हेक्टरांचे, म्हणजे जवळजवळ अडीच हजार एकरांचे एक वन आहे. तेथे पूर्वी कुरणे होती, आणि तीही समुद्रसपाटीच्या खाली. शहर वाढत होते; कष्टकऱ्यांच्या वस्त्या दाट होत होत्या. सुटीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन जावे असे रान जवळ नव्हते. १९२८ मध्ये तेथील नगरसभेने ठराव केला की, शहरासाठी वन निर्माण करायचे.

पुढे जी समिती नेमली तिच्यात निसर्गाचे जाणकारही होते. आराखडा केला नगराच्या बांधकाम खात्यातील कॉर्नेलिस फान एस्तेरन आणि याकोबा मुल्डर या बाईंनी. दाट झाडी, मोकळी हिरवळ आणि पाणी ही एकाआड एक ठेवली. पायी चालणाऱ्याची वाट निराळी, सायकलची निराळी, घोड्यांची निराळी. होड्यांच्या शर्यतीचा कालवा शहराकडच्या टोकाला खोदला. आत जावे तसतशी शांतता वाढावी आणि पाखरांना निवारा मिळावा.

आता पाण्याचे पाहा. मुळे पाण्यात बुडाली तर झाड जगत नाही. म्हणून जमिनीखाली सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या निचऱ्याच्या नळ्या घातल्या. आधी अल्डर, पॉपलर अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावली. अल्डरच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळते, आणि त्या झाडांच्या आडोशाने ओक, बीच ही सावकाश वाढणारी झाडे वर येतात. पुढे विरळणी करायची. घरात आजी नातवंडांना वाढवते आणि मग बाजूला होते, तसेच हे.

परंतु हे सारे केले कोणी? १९३४ पासूनच्या पाचसहा वर्षांत सुमारे २०,००० बेकारांनी! जागतिक मंदीचे ते दिवस. फावडे आणि ढकलगाडी ही त्यांची हत्यारे. हे काम खुशीचे होते असे मी म्हणणार नाही. मजुरी तुटपुंजी होती, आणि काम नाकारले तर सरकारी मदत बंद होण्याची धास्ती होती. आज तेथे फिरणाऱ्याने सावलीबरोबर हेही आठवावे. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत होते. म्हणून मला ही गोष्ट परकी वाटत नाही. त्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमीचा विचार पक्का झाला आणि १९७७ मध्ये कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरला. दोहोंत फरक आहे तो हाच.

महायुद्धाने ते काम थांबले, नंतर पुन्हा सुरू झाले. आराखड्यातले शेवटचे झाड लागले १९७० मध्ये. ठराव १९२८ चा! बेचाळीस वर्षे एका नगराने आपला शब्द पाळला.

आणि आपण? काही वर्षांपूर्वी एका गावी वृक्षारोपणाचा मोठा समारंभ झाला. छायाचित्रे निघाली, रोपांची मोजदाद झाली. पाणी घालायला ठेवलेल्या बारा कंत्राटी मजुरांना मार्गशीर्षात घरी बसवले. त्यांच्या थकलेल्या दोन महिन्यांच्या मजुरीसाठी मी कचेरीत खेटे घालत होतो. मजुरी चैत्रात मिळाली. तोवर रोपांच्या काड्या झाल्या होत्या. त्यातली एक बाई मला म्हणाली, “दादा, आमचं पोट कसंबसं भरलं, त्या झाडांनी कुणाच्या दारात जायचं?”

मला याचे उत्तर सुचले नाही. आजही तिच्याच तोंडचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

हॉलंडची नक्कल करा असे माझे म्हणणे नाही. आपले माळरान हे ओसाड रान नव्हे. लांडगा आणि माळढोक यांचे ते घर आहे, मेंढपाळाचे चराऊ रान आहे. तेथे झाडे दाटीने लावणे हा उपकार नव्हे. जेथे झाड शोभते तेथेच ते लावावे, आणि त्या जमिनीवर आज जो जगतो त्याला आधी विचारावे.

परंतु उद्या तुमच्या नगरपालिकेपुढे वनाचा आराखडा येईल, तेव्हा रोपे किती एवढेच विचारून थांबू नका. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, त्याची मजुरी कोणत्या खात्यातून निघणार, आणि रविवारी त्याच्या लेकराला तिकिटावाचून त्या सावलीत बसता येईल की नाही, हेही विचारा. याचे उत्तर कागदावर लिहून घ्या. आम्ही युनियनवाले तोंडी आश्वासनावर उठत नाही. तुम्हीही उठू नका.