पाच रेघा, सात तुकडे



आज एका घरगुती खेळाविषयी चार शब्द सांगायचे आहेत. हा खेळ चीनमधला. तेथे १८१३ साली त्यावर पुस्तक छापले गेले आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तो युरोपात पोचला. त्याला टॅनग्रॅम म्हणतात. तो विकत आणायला नको. पुठ्ठा, पट्टी, पेन्सिल आणि कात्री एवढ्यावर भागते.

पुठ्ठ्यावर १६ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. कोपऱ्यांना ओळीने अ, ब, क, ड म्हणा. पहिली रेघ ब पासून ड पर्यंत. आता बक बाजूचा मध्य म आणि कड बाजूचा मध्य न. म आणि न जोडा. तिसरी रेघ अ पासून निघते, बड रेघेला य बिंदूत छेदते आणि मन रेघेच्या मध्यावर थांबते. तेथे प लिहा. चौथी रेघ म पासून बय च्या मध्यापर्यंत, पाचवी प पासून डय च्या मध्यापर्यंत. झाले! रेघांवरून कापा. दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन मिळेल.

सातही तुकडे वापरायचे, एकावर एक चढवायचा नाही, एवढाच नियम. तुकडा उलटा केला तरी चालेल. होडी करा, घर करा, धावणारा माणूस करा.

पण गुरुजी, खरी गंमत पुढेच आहे. चौरस, मधला त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन मुलांपुढे ठेवा आणि विचारा, यांत मोठा कोणता? उत्तर सांगू नका. दोन लहान त्रिकोण हाती द्या. ते दोन जोडून तिन्ही आकार नेमके झाकता येतात. म्हणजे क्षेत्रफळ तिघांचेही सारखेच, ३२ चौरस सेंटिमीटर. आता तिघांच्या कडेने दोरा फिरवून मोजा. चौरसाला सर्वांत कमी लागतो.

शेताच्या वाटणीत हेच तर होते. एकाला लांबट पट्टी येते, दुसऱ्याला चौकोनी तुकडा. पट्टी मोठी दिसते आणि भावाभावांत धुसफूस सुरू होते. मोजावे तर गुंठे तेवढेच. कुंपणाची तार मात्र पट्टीलाच जास्त. डोळ्याला मोठे दिसले म्हणून ते मोठे असतेच असे नाही, हे ज्या मुलाने स्वतःच्या हाताने पडताळले, ते मूल उद्या बांधावर आवाज चढवण्याआधी मोजणीची साखळी मागेल.