घरांतील मौन आणि वयांत येणारीं मुलें



मुलीला न्हाण येतें, मुलाचा आवाज फुटूं लागतो, आणि नेमकें त्याच वेळीं घरांतील बोलणें आंखडतें. नायगांवकडे काय किंवा मुंबईस काय, चाल एकच. मुलीस देवघरापासून दूर बसवितात. कां, तें कोणी सांगत नाहीं. आपणांस असाध्य दुखणें जडलें, असें तिला वाटलें तर नवल काय? मुलाची उपेक्षा याहून मोठी. झोपेंत होणारा वीर्यस्राव म्हणजे शक्तीचा नाश, ही भीति त्यास मित्र आणि भिंतींवरील वैदूंच्या जाहिराती घालतात. हा शरीराचा साधा धर्म आहे, एवढें एक वाक्य बापाच्या तोंडून निघत नाहीं.

हें मौन फोडण्याचा यत्न महाराष्ट्रांत फार पूर्वीं झाला. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. जें घरीं विचारतां येत नसे, तें वाचक त्यांना विचारीत. अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ सालीं त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं वकीलपत्र घेतलें. तरी निकाल विरुद्ध गेला. प्रश्न विचारणारे कोण होते? आपल्याच घरांतले!

शाळेवर भार टाकावा, तर २००७ सालीं राज्यानें शाळांतील लैंगिक शिक्षणास मनाई केली. २०१४ पासून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यांत सल्ला मिळतो. पण तेथवर जाण्यास घरची संमति लागते, ती बहुधा तोंडांत अडकते. मग “कांहीं भलतें घडण्यापूर्वीं” मुलीचें लग्न उरकतात. २०१९-२१ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें बावीस जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. ज्या मुलीशीं ऋतुप्राप्तीबद्दल कोणी बोललें नाहीं, तिच्यावर गर्भारपण येतें. तिला रक्तक्षय असेल तर जिवाशीं गांठ असते.

यासाठीं व्याख्यान नको. मुलें तें ऐकतहि नाहींत. शेंगा फोडतां फोडतां आईनें म्हणावें, “पहिल्यांदा मीहि रडलें होतें.” बापाची अडचण अधिक, हें खरें. परंतु शेताकडे निघालेल्या मोटारसायकलीवर मुलगा मागें बसलेला असतो. दोघांनाहि एकमेकांचें तोंड दिसत नाहीं, आणि रस्ता चांगला अर्ध्या तासाचा असतो.