बिनलेबलाची डबी

(गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी, सायंकाळच्या आरतीनंतर मंडळाच्या मंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



यानंतर मुलांच्या नाचाचा कार्यक्रम आहे आणि मुलं सकाळपासून तयार होऊन बसली आहेत, हे मला दिसतंय. त्यामुळे फार वेळ घेत नाही. विषय जरा गंभीर आहे, पण आपल्याच घरातला आहे.

आपण डिंडोलीत राहणारी माणसं. कुणी नंदुरबारहून, कुणी धुळ्या-जळगावहून ताप्ती लाईनीने पोट भरायला इथे आलो. आपल्यापैकी निम्म्यांचं पोट कापडावर, आणि कापड म्हटलं की रंग आला, रंग म्हटला की रसायन आलं. केमिकल हा शब्द आपल्याला नवा नाही. ६ जानेवारी २०२२ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं जात होतं. त्यातून विषारी वायू पसरला आणि शेजारच्या मिलमधले सहा कामगार गेले. त्या दिवशी सगळ्या वस्तीत एकच विषय होता.

ते विष दिसलं, कारण एका पहाटेत त्याने माणसं मारली. मी आज बोलणार आहे ते विष असं गाजावाजा करत येत नाही. ते छोट्याशा डबीत येतं. त्याला वास असला तर गुलाबाचा असतो. आपण ते पैसे देऊन विकत आणतो आणि आरशासमोर बसून तोंडाला लावतो.

गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, अकोल्याची. २०२२ मध्ये तिथे एकाच घरातल्या तीन बायकांना, आई आणि तिच्या दोन मुलींना, पाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी किडनीचा आजार कसा होईल? पाणी एकच, अन्न एकच, पण घरातले बाकीचे ठीक. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेलं. डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा तिघींमध्ये एक गोष्ट सारखी निघाली. तिघीही गोरं होण्याची एकच क्रीम लावत होत्या. ती तपासली तर तिच्यात पारा निघाला. आपल्या जुन्या थर्मामीटरमध्ये असायचा तोच पारा.

आता क्रीममध्ये पारा कशासाठी घालतात? आपल्या कातडीला रंग देणारं एक द्रव्य असतं, मेलॅनिन. उन्हापासून जपण्यासाठी निसर्गाने ते दिलंय. पारा हे मेलॅनिन तयार होण्याचं काम अडवतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. बाई खूश होते, शेजारणीला सांगते, शेजारीण नणंदेला सांगते. डबीची जाहिरात करावी लागत नाही.

पण कातडीवर लावलेला पारा कातडीवर थांबत नाही. तो आत झिरपतो, रक्तात जातो आणि सगळ्यात जास्त साठतो मूत्रपिंडात. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची चाळणी. ही चाळणी बिघडली की जे प्रोटीन शरीरात राहायला हवं ते लघवीतून वाहून जातं. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, संध्याकाळी पाय सुजतात. आपण म्हणतो, उभ्याने काम केलं म्हणून सुजले असतील. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. विषालाही ती तितकीच लागू आहे.

अकोल्याचं प्रकरण हा एकटा अपवाद असता तर मी आज उभा राहिलो नसतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल इथल्या एका रुग्णालयाच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले, मूत्रपिंडाच्या चाळणीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातल्या १५ जणांच्या आजाराचा प्रकार नेहमी न दिसणारा होता. त्या १५ पैकी १३ जणांनी सांगितलं, आम्ही गोरेपणाची क्रीम लावत होतो. दिलासा देणारी गोष्ट अशी की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. म्हणजे वेळेवर लक्षात आलं तर माणूस सुटतो. लक्षात येणं हीच अडचण आहे.

यावर कायदा नाही का? आहे. जपानमध्ये मिनामाता नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्याने पारा समुद्रात सोडला, तो माशांत गेला, मासे माणसांनी खाल्ले आणि घरोघरी माणसं लुळी पडली. तो आजार १९५६ मध्ये ओळखला गेला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविरुद्ध जागतिक करार झाला आणि २०१८ मध्ये भारत त्यात सामील झाला. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. एक टन मालात एक ग्रॅम, असा हिशेब करा. कायदा चांगला आहे. पण कायदा लागू होतो तो नाव-पत्ता असलेल्या मालाला. ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही, तिच्या मागे कायद्याने जायचं कुठे?

मी बावीस वर्षं रंगाईच्या मिलच्या लॅबमध्ये काढली. तिथली एक गोष्ट सांगतो. काही ॲझो रंग असे असतात की त्यांच्यापासून कर्करोग करणारी द्रव्यं सुटतात. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांविरुद्ध कायदा केला आणि १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. तेव्हापासून बाहेरचं गिऱ्हाईक कापड घेण्याआधी विचारतं, यात रंग कोणता? चाचणीचा कागद दाखवा. कागद नसेल तर माल परत. आम्हीही मुकाट्याने कागद दाखवायचो. मला सांगा, हजारो मैलांवरचं गिऱ्हाईक अंगावर घालायच्या कापडासाठी एवढी चौकशी करतं. आणि त्या कापडावर राबणारा माणूस संध्याकाळी बाजारात जातो, तेव्हा स्वतःच्या लेकीच्या तोंडाला लावायच्या क्रीमबद्दल एक प्रश्न विचारत नाही. फक्त भाव विचारतो!

आता क्रीम सोडून घरातल्या आणखी तीन गोष्टी सांगतो. त्यातल्या दोन वर्षानुवर्षं घरात असलेल्या, म्हणून आपल्याला त्यांची भीतीच वाटत नाही.

पहिली, डांबरगोळ्या. पेटीत शालू-पैठणीबरोबर आपण त्या टाकतो. त्याच पेटीत बाळाची जुनी दुपटी, कुंची, स्वेटर जपून ठेवलेले असतात. पुढचं बाळ जन्मलं की पेटी उघडायची आणि तसंच गुंडाळायचं. या गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. तांबड्या पेशींना जपणारं हे एन्झाइम कमी असलं आणि नॅप्थलीनची वाफ लागली, तर पेशी फुटतात. बाळाला कडक कावीळ होते, लघवी गडद लाल होते. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे जास्त आढळतं, आणि दक्षिण गुजरात व खानदेशातल्या आदिवासी समाजात याचं प्रमाण बरंच आहे. म्हणजे हे आपल्या गावाकडचंच दुखणं आहे. उपाय सोपा आहे. बाळाचे कपडे वेगळे ठेवा, डांबरगोळीजवळ ठेवू नका. जुने वापरायचे असतील तर धुऊन, दोन-तीन दिवस कडक ऊन देऊन मगच वापरा. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला चालतो.

दुसरी गोष्ट बाप्पासमोर उभं राहून बोलतोय, म्हणून आदराने बोलतो. शेंदूर. आपल्या मारुतीला आणि गावोगावच्या गणपतीला शेंदूर चढतो. हा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. गवयाला शेंदूर चारला की त्याचा आवाज जातो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे शेंदूर पोटात जाऊ नये एवढं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. देवाला शेंदूर अवश्य लावा. पण तोच हात न धुता प्रसादाला लावू नका. रांगत्या मुलाच्या कपाळाला लावू नका, कारण ते बोट पुसतं आणि तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. त्याचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं नको तेवढं आहे. म्हणूनच घराच्या ऑइलपेंटमध्ये शिसं दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. दारं-खिडक्या रंगवताना डब्यावर ते पाहून घ्या. कुंकू घेतानाही हळदीपासून केलेलं, करणाऱ्याचं नाव असलेलं घ्या.

तिसरी गोष्ट दोन वाक्यांत. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आपल्या बंद, छोट्या मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

मग करायचं काय? सगळं सोडून हिमालयात जायचं का? नाही. मी एकच नियम सांगतो: जिच्यावर काही लिहिलेलं नाही, ती डबी घरात आणायची नाही. क्रीमवर बनवणाऱ्याचं नाव, पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि घटकांची यादी हवी. परदेशी असेल तर आयात नोंदणीचा नंबर हवा. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड यांतला शब्द दिसला तर परत करा. सोन्या-चांदीच्या दागिन्याला क्रीम लागू देऊ नका, अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याची खूण समजा. पार्लरवाल्या ताईने बिनलेबलाच्या डबीतून काढून दिली, तर ताईलाच विचारा, आणली कुठून? तिलाही बिचारीला बहुतेक माहीत नसतं, आणि तीही रोज त्याच डबीत बोटं घालते.

आणि अशी क्रीम कुणी लावत असेल, तर आज रात्रीच थांबवा. लघवीला फेस येत असेल, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज असेल, तर नव्या सिव्हिलमध्ये किंवा स्मीमेरमध्ये जाऊन लघवीतल्या प्रोटीनची तपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे. जाताना डबी बरोबर न्या आणि डॉक्टरांना न लाजता सांगा. अकोल्यात डॉक्टरांनी विचारलं म्हणून कारण सापडलं. दरवेळी डॉक्टर विचारतीलच असं नाही. विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात, ती आपल्या अंगावर तर मुळीच नको.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. कारखानदार पारा घालतो हे खरं. पण आपली मुलगी ती डबी हातात घेते कशामुळे? मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, स्वभावाने चांगली आहे, "पण जरा सावळी आहे" हे वाक्य तिने आपल्याच बैठकीत ऐकलेलं असतं. आपला विठोबा सावळा. आषाढीला त्याच्या पायावर डोकं ठेवायला आपण शेकडो मैल जातो. परत आलो की सुनेसाठी गोरी मुलगी शोधतो! ऊन कोळून प्यालेल्या खानदेशातली आपण माणसं, आपला रंग असाच असणार. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आपल्या समाजाच्या वधू-वर सूचीचा फॉर्म तुम्ही सर्वांनी पाहिलाय. त्यात शिक्षण, नोकरी, उंची, कुळ, आणि मग एक रकाना असतो: वर्ण. गोरा, निमगोरा, गहूवर्ण, सावळा. तो रकाना भरताना मुलीचा बाप दोन मिनिटं थांबतो, हे मी स्वतः पाहिलंय. मंडळाच्या कार्यकारिणीला माझी हात जोडून विनंती आहे की पुढच्या मेळाव्याच्या फॉर्ममधून हा एक रकाना काढून टाका. त्याला खर्च नाही, कुणाची परवानगी लागत नाही. हवं तर त्या जागी रक्तगट आणि सिकलसेलची तपासणी विचारा. लग्नाआधी खरोखर जाणून घ्यावी अशी ती माहिती आहे.

डबी बाजारातून हटवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही. रकाना मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

बाप्पा बुद्धीची देवता. आपल्याला एवढी बुद्धी त्याने द्यावी, एवढीच प्रार्थना. मुलांनो, आता या स्टेजवर!