जागरण आणि जागृति

रात्रीचे अकरा वाजून गेले म्हणजे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतील बहुतेक दिवे मालवतात. परंतु ज्या घरांतून कोणी सनदी लेखपालाच्या, म्हणजेच लोकांच्या तोंडीं रुळलेल्या सी. ए.च्या, परीक्षेला बसणार असतें, त्या घरांत एक दिवा जळत राहतो. आई मध्येंच उठून चहाचें विचारते, वडील दबक्या पावलांनीं वावरतात, आणि आलेल्या पाहुण्यांना ‘यंदा परीक्षा आहे’ असें हळूच सांगून लवकर निरोप दिला जातो. निकालाच्या दिवशीं यश आलें तर पेढे वांटले जातात. अपयश आलें तर कांहीं दिवसांनीं तो दिवा पुन्हां लागतो. पण त्याच्याखालीं बसणारा विद्यार्थी पूर्वीचा राहिलेला नसतो. त्याचें ज्ञान कमी झालेलें नसतें, स्वतःवरचा विश्वास मात्र उणा झालेला असतो. म्हणूनच ह्या परीक्षेची तयारी कशी करावी ह्याइतकाच, ती चालू असतांना मन कसें सांभाळावें हा प्रश्नहि महत्त्वाचा ठरतो.

ही परीक्षा इतकी कठीण कां, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्याच्या अंगीं कोणती पात्रता असावी ह्याचा विचार आपल्या देशांत १९१३ च्या कंपनी कायद्यानें सुरू झाला. १९१८ मध्यें मुंबईस हिशेबविद्येची सरकारी पदविका निघाली, १९३२ मध्यें हिशेबतपासनिसांच्या नोंदणीचे नियम झाले, आणि पुढें संसदीय कायद्यान्वयें १ जुलै १९४९ रोजीं सनदी लेखपालांची आजची संस्था अस्तित्वांत आली. ह्या वाटेवर मद्रासच्या आर. शिवभोगम् ह्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. स्वातंत्र्याच्या चळवळींत त्यांना कारावास घडला. तरीहि १९३३ मध्यें पदविका मिळवून ह्या व्यवसायांतील त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. आणि तुरुंगवास भोगलेल्यांना नोंदणी नाकारणारा नियम आड आला तेव्हां त्याविरुद्ध दाद मागून त्यांनीं तीहि अडचण दूर केली. ह्या सगळ्या नियमांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे. ज्यानें कंपनीचें दारहि पाहिलेलें नाहीं असा एखादा निवृत्त शिक्षक लेखपालाच्या सहीवर विसंबून आपली पुंजी तिच्यांत गुंतवतो. परीक्षेचा कठोरपणा त्या अनोळखी मनुष्याच्या रक्षणासाठीं आहे. विद्यार्थ्याला खालीं पाडण्यासाठीं नव्हे.

जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेंत तीन पायऱ्या आहेत. प्रवेशाच्या परीक्षेला चार विषय, मधल्या परीक्षेला सहा आणि अंतिम परीक्षेला सहा. पैकीं मधल्या व अंतिम परीक्षांचे विषय तीन-तीनांच्या दोन गटांत वांटलेले असतात. शिवाय अनुभवी लेखपालाच्या हाताखालीं दोन वर्षें प्रत्यक्ष काम करावें लागतें. गट उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयांत शंभरांपैकीं निदान चाळीस गुण आणि गटांत एकंदर निम्मे गुण मिळाले पाहिजेत.

हा नियम वाचावयास सोपा, पण भोगावयास अवघड आहे. एखाद्या विद्यार्थ्याला तीन विषयांत बासष्ट, एकेचाळीस व सेहेचाळीस गुण मिळाले, तर बेरीज एकशें एकूणपन्नास होते आणि एका गुणासाठीं तो अनुत्तीर्ण ठरतो. दुसऱ्याला सत्तर, अडुसष्ट व एकूणचाळीस मिळाले, तर त्याची बेरीज पहिल्याहून किती तरी अधिक. पण एका विषयांत एक गुण कमी पडल्यामुळें तोहि अनुत्तीर्णच! शेजाऱ्यांच्या दृष्टीनें दोघेहि सारखेच ‘नापास’. परंतु ज्याला हिशेब वाचतां येतो त्याला दोन्ही अपयशें निराळीं दिसतात. गटाचे सर्व पेपर दिलेले असून एखाद्या विषयांत साठ वा अधिक गुण मिळाले असतील, तर तो विषय पुढील तीन परीक्षांत पुन्हां द्यावा लागत नाहीं. म्हणजे पहिल्या विद्यार्थ्याला आतां दोनच विषयांत मिळून अठ्ठ्याऐंशी गुण मिळवावयाचे आहेत, आणि दुसऱ्याचें सारें लक्ष एका विषयावर राहूं शकतें. निकालाच्या रात्रीं हा साधा हिशेब मांडण्याचें धैर्य ज्याला होतें, त्याची निराशा पुष्कळ अंशीं ओसरते.

तयारीच्या बाबतींतहि हीच दृष्टि उपयोगी पडते. पुष्कळ विद्यार्थी पुस्तकांतील सोडविलेलें उदाहरण वाचतात, तें त्यांना पटतें, आणि पटलें म्हणजे आलें असें ते धरून चालतात. परीक्षेच्या दालनांत कोरा कागद समोर आला म्हणजे ह्या समजुतीचें खरें मोल कळतें. म्हणून वाचनापेक्षां लेखणी अधिक चालली पाहिजे. संस्थेनें प्रसिद्ध केलेलीं अभ्यासपुस्तकें, मागील प्रश्नपत्रिका व त्यांचीं सुचविलेलीं उत्तरें समोर असावीं. परंतु स्वतःचें उत्तर पुरें लिहून झाल्यावांचून छापील उत्तर उघडूं नये. निदान आठवड्यांतून एकदां घड्याळ लावून सबंध प्रश्नपत्रिका सोडवावी. कायद्याच्या विषयांत तर केवळ पाठांतर दगा देतें. १९६१ चा आयकर कायदा कलमांच्या आंकड्यांसह ज्यांनीं मुखोद्गत केला होता, त्यांचे ते आंकडे २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतांच जुने झाले. उत्पन्न म्हणजे काय आणि तें केव्हां उपजलें असें मानावयाचें, हें ज्यांना समजलें होतें त्यांचें फारसें बिघडलें नाहीं.

पेढीवरील उमेदवारी ही अभ्यासांतील अडचण आहे असें बहुतेकांना वाटतें, आणि दिवसभर पावत्या पडताळून थकलेल्या डोळ्यांना तसें वाटणें स्वाभाविकहि आहे. तथापि ३१ मार्चला एखाद्या गोदामांत उभें राहून ज्यानें पोतीं मोजलीं आहेत आणि वहींतील आंकड्याशीं तीं जुळत नाहींत हें पाहिलें आहे, त्याला मालसाठ्याच्या तपासणीचें प्रकरण घोकावें लागत नाहीं. कामावरून परतल्यावर त्या दिवशीं पाहिलेल्या एका गोष्टीचें पुस्तकांतील पान उघडून पाहावें. एवढ्या सवयीनें उमेदवारी व अभ्यास ह्यांतील वैर पुष्कळ कमी होतें.

राहतां राहिला उत्साहाचा प्रश्न. उत्साह पाहुण्यासारखा असतो. त्याच्या भरंवशावर दोन-तीन वर्षांचा संसार चालत नाहीं. जो विद्यार्थी रोज सकाळीं ‘आज मन लागेल काय?’ असें विचारतो, त्याला बहुधा नकारच मिळतो. त्यापेक्षां व्यापाऱ्यानें रोजकीर्द लिहावी तशी त्यानें आपल्या अभ्यासाची वही ठेवावी. तींत किती तास बसलों हें लिहूं नये. कोणतीं उदाहरणें सोडविलीं आणि कोणतीं चुकलीं हें लिहावें. चुकांचीं तीन खातीं असावींत: वाचलेंच नव्हतें, वाचलें होतें पण आठवलें नाहीं, आणि येत होतें पण वेळ पुरला नाहीं. पहिल्याला वाचन हा उपाय, दुसऱ्याला उजळणी आणि तिसऱ्याला घड्याळ. महिन्याच्या अखेरीस हीं खातीं पाहिलीं म्हणजे मन खचलें असलें तरी उद्यां काय करावयाचें हें ठाऊक असतें, आणि तेवढें ठाऊक असलें म्हणजे मनुष्य पुन्हां कामाला लागतो. तेरीज जुळली नाहीं म्हणून कोणताहि लेखपाल वह्या जाळीत नाहीं. तो फरक शोधूं लागतो.

घरच्या माणसांचाहि ह्यांत वांटा आहे. कितवा प्रयत्न आहे हें मोजूं नये, आणि मावशीच्या मुलानें पहिल्याच खेपेस काय केलें हें जेवणाच्या पानावर काढूं नये. सहीचा अधिकार मिळाल्यावर ती कितव्या प्रयत्नांत मिळाली हें कोणत्याहि ताळेबंदावर लिहिलेलें नसतें. मात्र हिशेब प्रामाणिक असेल तर तो कधीं कधीं वाट बदलण्याचाहि सल्ला देतो. पुरेसे प्रयत्न करून, विचारपूर्वक कोणी दुसरा व्यवसाय धरला, तर त्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. शिकलेली हिशेबविद्या त्याच्या उपयोगाचीच राहते. लाजिरवाणें आहे तें एवढेंच, कीं अभ्यास करीत असल्याचा देखावा घरच्यांपुढें आणि स्वतःपुढें करीत राहावें.

सनदी लेखपालांच्या संस्थेचें बोधचिन्ह गरुड आहे, आणि तिचें ब्रीदवाक्य कठोपनिषदांतून घेतलेलें आहे. तें श्रीअरविंदांनीं सुचविलें. इतर निजले असतां जो जागा असतो त्याचा निर्देश त्यांत आहे. परीक्षार्थी त्याचा अर्थ रात्रीं झोंपूं नये असा करतात, आणि पहांटे लिहितांना डुलक्या घेतात! पण जागरण वेगळें आणि जागृति वेगळी. आपल्याला काय येतें व काय येत नाहीं, ह्याविषयीं स्वतःला न फसविणें ही जागृति होय. उद्यां परक्यांच्या पैशाचा हिशेब जो पाहणार आहे, त्याला ती आज आपल्याच वहीवर शिकावयाची असते. तेवढी साधली तर तो दिवा वेळेवर मालवून विद्यार्थ्यानें खुशाल झोंपावें.