बर्मिंगहॅमचे चौघे

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यमेळाचा अखेरचा जलसा झाला आणि पुढे सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, त्या मेळाचा गायक ऑझी ऑझबर्न वयाच्या ७६ व्या वर्षी निवर्तला. या दोन वार्ता आल्या तेव्हा माझा भाचा दोन दिवस नीट जेवला नाही. ज्याच्या गाण्याला मी वर्षानुवर्षे ‘गोंगाट’ म्हणत आलो त्याच्यासाठी घरातला एक तरुण डोळे पुसतो, हे पाहून मी थोडा वरमलो, आणि या चौघांच्या जुन्या मुलाखती त्याच्याकडून मागून घेऊन ऐकत बसलो. आज बोलायचे आहे ते मुख्यतः त्या मुलाखतींविषयी. हार्ड रॉकचा मी जाणकार नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

चौघेही बर्मिंगहॅममधील ॲस्टन या कामकऱ्यांच्या वस्तीचे. टोनी आयोमी गिटार वाजवी, गीझर बटलर बास गिटार वाजवी आणि बहुतेक गीते रची, बिल वॉर्ड ड्रम वाजवी, आणि गायक ऑझी. चौघांचाही जन्म १९४८-४९ मधला. महायुद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालेल्या जागा हीच त्यांची क्रीडांगणे. ऑझीचे वडील अवजारे घडविणारे कारागीर, रात्रपाळीला जाणारे. स्वतः ऑझीने मोटारींचे भोंगे जुळविण्याच्या कारखान्यात काम केले, कत्तलखान्यात काम केले, आणि एका चोरीपायी काही आठवडे तुरुंगही पाहिला. दंड भरून मुलाला सोडविण्याचे वडिलांनी नाकारले होते. इंदूरसारख्या गिरण्यांच्या गावात ज्यांचे बालपण गेले त्यांना ही वस्ती कशी असेल हे फोड करून सांगावे लागू नये.

या साऱ्या मुलाखतींत जी हकीकत पुनःपुन्हा येते ती आयोमीच्या बोटांची. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. वय सतरा. नोकरी सोडून वाद्यमेळाबरोबर दौऱ्यावर जाण्याचे ठरलेले, आणि तो कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाण्याची त्याला इच्छा नव्हती. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. तो गेला. त्या दिवशी पत्रा दाबण्याच्या यंत्रावरचा माणूस आलेला नव्हता, म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र उजव्या हातावर आले. दचकून त्याने हात मागे ओढला, आणि मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच!

डॉक्टरांनी वाजविणे विसरावयास सांगितले. त्यानंतर कारखान्याचा मुकादम त्याला भेटायला आला तो एक ध्वनिमुद्रिका घेऊन. मुलगा म्हणाला, मला आता गिटार ऐकायचीच नाही. मुकादमाने हट्टाने ती लावावयास सांगितली, आणि ऐकून झाल्यावर सांगितले की हा वाजविणारा डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सुरावट काढतो. तो वादक होता जँगो राइनहार्ट. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागून त्याची दोन बोटे निकामी झाली होती. आयोमीने मग प्लॅस्टिकची एक बाटली वितळवून तिची टोपणे बनविली, घासून बोटांना बसविली, वर चामड्याचे तुकडे चिकटविले, आणि दाबायला सोप्या अशा पातळ तारा लावल्या. ही हकीकत त्याने पन्नासाहून अधिक वर्षे सांगितली. ऐकताना माझ्या ध्यानात आले की यंत्राविषयी तो चार वाक्यांत बोलतो, पण मुकादमाच्या त्या तबकडीविषयी बोलताना रेंगाळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या मेळाचा खर्जातला, जडशीळ आवाज त्या अपघातातूनच जन्मला असे सर्रास लिहिले जाते. कथा म्हणून ती देखणी आहे. परंतु त्यांच्या पहिल्या दोन तबकड्यांत गिटार नेहमीच्याच पट्टीत लावलेली आहे. तारा तीन अर्धस्वरांनी – म्हणजे आपल्या पेटीच्या तीन पट्ट्यांनी – उतरविल्या त्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तबकडीपासून. उतरलेली तार सैल असते, दुखऱ्या बोटांना सोसते, हे खरेच. पण पहिल्या तबकडीतला काळोख अगोदरचा आहे, आणि तो केवळ जखमेच्या खाती मांडता येत नाही.

तो कुठून आला? १९६८ साली मेळ जमला तेव्हा ते ब्लूज वाजवीत, आणि मेळाचे नावही वेगळे होते. सरावाच्या जागेसमोरच्या चित्रपटगृहात मारिओ बाव्हाचा ‘ब्लॅक सॅबथ’ हा भयपट लागला होता. भिण्यासाठी लोक पैसे मोजतात, मग भिववणारे संगीत का करू नये, असा विचार त्यातून निघाला. बटलर तेव्हा होल्स्टच्या ‘प्लॅनेट्स’ या रचनेतला मंगळाचा भाग ऐकत असे आणि बासवर काढीत असे. त्या सुरावटीच्या छायेत आयोमीने तीन सुरांची एक आकृती बसविली: षड्ज, वरचा षड्ज, आणि मग तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला फार पूर्वीपासून सैतानाचे अंतर म्हणून दूषण दिलेले आहे.

भाच्याने ते मोठ्या कौतुकाने मला ऐकविले तेव्हा मला हसू आले. ज्याला ते सैतान म्हणतात त्याच्या आधाराने आम्ही रोज सायंकाळी यमन गातो! भातखंडे मध्यमाला अध्वदर्शक स्वर म्हणतात. तीव्र मध्यम लागला की दिवस कलला असे समजावे. पण दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा हसू मावळले. यमनात तीव्र मध्यम पंचमाकडे झुकतो आणि तिथे विसावतो. इथे त्याला विसावाच दिलेला नाही. तो कंप पावत अधांतरी राहतो, आणि पुन्हा तोच षड्ज, पुन्हा तोच मध्यम. अंधार पडतो आहे आणि घर येत नाही, असे काहीसे वाटते. गोंगाट हा शब्द मी त्या दिवशी मागे घेतला. त्यांच्या इतर काही गाण्यांपुरता तो अजून राखून ठेवला आहे.

ती पहिली तबकडी ऑक्टोबर १९६९ मध्ये अवघ्या एका दिवसात मुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आली. समीक्षकांनी झोडपले, लोकांनी उचलून धरले. वार्ताहर मात्र पुढे कित्येक वर्षे एकच प्रश्न विचारीत राहिले: तुम्ही सैतानाची उपासना करता काय? वस्तुतः बटलर कॅथलिक आयरिश घरातला, आणि चौघांच्या गळ्यात जे क्रूस दिसत ते ऑझीच्या वडिलांनी आपल्या हाताने धातू कापून बनवून दिलेले होते. दुसऱ्या तबकडीला ‘वॉर पिग्ज’ असे नाव द्यायचे त्यांनी ठरविले होते. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. गरिबांच्या मुलांना मरायला धाडणारे सत्ताधीश हेच खरे सैतान, असा त्या गीताचा आशय असल्याचे बटलर सांगत आला आहे. कंपनीने ते नाव मानले नाही. मुखपृष्ठावरचा खड्गधारी पुरुष मात्र तसाच राहिला आणि शीर्षकाशी काही संबंध नसताना आजही उभा आहे.

मुलाखतींवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑझी किस्से रंगवून सांगतो. बटलर संकोचाने बोलतो आणि बहुधा नेमके बोलतो. १९७९ मध्ये ऑझीला मेळातून काढले गेले, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, पुढे माणसे येत-जात राहिली. त्या काळच्या मुलाखती कडवट आहेत आणि फारशा उद्बोधकही नाहीत. खरी बोच आहे ती बिल वॉर्डची. २०१२ मध्ये कराराच्या अटी न पटल्यामुळे तो दूर राहिला. २०१३ ची ‘१३’ ही तबकडी त्याच्याविना झाली, आणि ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्ये मेळाने पहिला निरोप घेतला तोही त्याच्याविना. एकाच वस्तीतले चार मित्र, आणि निरोपाला तीनच!

म्हणून २०२५ च्या जलशाचे मोल. वीस वर्षांनी चौघे एका मंचावर आले. आयोमी कर्करोगातून उठलेला. ऑझीला कंपवाताने ग्रासलेले, उभे राहणे अशक्य, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गाणारा. वॉर्ड ७७ वर्षांचा, उघड्या अंगाने ड्रम वाजविणारा. उत्पन्न कंपवाताच्या संशोधनासाठी आणि आजारी मुलांच्या संस्थांसाठी दिले जायचे होते. जागा व्हिला पार्क, ॲस्टनमधले फुटबॉलचे मैदान, ऑझीच्या बालपणीच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावरचे. सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांच्या मोटारी राखून आपण चार पैसे मिळवीत असू, असे त्याने सांगून ठेवले आहे. त्या संध्याकाळी चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या मैदानात होती. चौघांनी मिळून चारच गाणी वाजविली. शेवटचे होते ‘पॅरॅनॉइड’, १९७० साली तबकडीवर थोडी जागा उरली म्हणून घाईघाईने रचून भरलेले.